पेढा पोटात राहिला पाहिजे

माझ्या टॅक्सीत ड्रायव्हरच्या सीटखाली काळ्या पिशव्यांचं एक बंडल, थोडी लिंबं आणि आमसुलांची डबी कायम असते. नेरळ स्टेशनवरून पाव्हण्यांना माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत वर न्यायचं आणि दमलेल्या पाव्हण्यांना खाली आणायचं, हा माझा धंदा. घाट तसा लहान, पण वळणं अशी, की वरच्या वळणावरून खालच्या गाडीचं टप दिसतं. तिसऱ्या-चौथ्या वळणाला मागच्या सीटवरची बडबड थांबली की मी आरशात बघतो. कुणाचा चेहरा पिवळा पडलाय, कोण जांभया देतंय, कोण उगाचच थुंकी गिळतंय, हे मला त्या माणसाच्या आधी कळतं. मग मी मान न वळवता एक हात मागं करतो आणि पिशवी देतो. पिशवीबरोबर व्याख्यान फुकट.

"मोबाईलमधी बघू नका. बाजूला दरीत तर नायच नाय. पुढं बघा, लांब, वळणाकडं. आन् बोलत ऱ्हावा. गप्पा मारणाऱ्याचं पोट गप बसतं."

यातलं शेवटचं माझं स्वतःचं संशोधन. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कागदी पिशव्याही वापरून बघितल्या होत्या. त्याची हकिकत जेवायच्या वेळेला सांगण्यासारखी नाही.

मला मात्र गाडी कधी लागली नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो मी मनात ठेवत नसे. स्टँडवर, लग्नात, मयतीला, कुठंही विषय निघो न निघो, मी तो काढायचो. आमच्या मंडळींना खोपोलीच्या एसटीतसुद्धा मळमळतं, त्यामुळं घरात मला हक्काचा श्रोता होता. ती माझ्या टॅक्सीच्या खिडकीत तोंड घालून बसलेली असायची आणि मी स्टिअरिंगवरून म्हणायचो, "पोट मनाशी बांधलेलं लागतं, समजलं का?" ती बोलण्याच्या अवस्थेत नसायची. एकूण संसार चांगला चालला होता.

मुलीनं लग्नासाठी मुलगा स्वतःच शोधला. ती पनवेलला एका लॅबमध्ये काम करते. मुलगा मोहोपाड्याचा. वडील रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथंच घर बांधलं. माणसं साधी, बोलायला मोकळी. मुलगा हॉटेलचं शिकलेला आणि नोकरीला क्रूझच्या बोटीवर, स्वयंपाकघरात. इथं माझं घोडं अडलं.

"वर्षातलं सहा-सात महिनं पाण्यावर," मी म्हटलं. "आन् तिथं करतो काय, तर कांदे चिरतो."

"पप्पा, तो शेफ आहे."

"शेफ कांदे चिरत नाय का?"

मला मुलाचं काही खटकत नव्हतं, त्याचं नसणं खटकत होतं. एकुलती एक पोर मोहोपाड्याला सासू-सासऱ्यांबरोबर टीव्ही बघत बसणार आणि नवरा कुठल्या तरी बंदरात. पण असं तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी म्हणायचो, "बघू." 'बघू' हा माझा हँडब्रेक. तो ओढला की गाडी पुढंही जात नाही, मागंही येत नाही, आणि कुणाला दोष देता येत नाही. मुलीनं विचारलं की बघू. मोहोपाड्याहून फोन आला की बघू. महिनाभर मी तो ओढून बसलो होतो.

शेवटी मुलानंच तोडगा काढला. दसऱ्यानंतर त्याची बोट मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणार होती आणि बोटीवरच्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत होती. तो मला फोनवर म्हणाला, "काका, एकदा माझं काम बघा. बघून काय ते ठरवा. नाय म्हणालात तरी मला राग नाय."

त्याच्या आईनं मागून फोन घेतला. "मंग असं करू. दोन्ही घरची जाऊ, आन् बोटीवरच तोंड गोड करू."

हे तोंड गोड करणं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे सोयरीक कागदावर ठरत नाही, तोंडात ठरते. मुलाच्या आईनं मुलीच्या बापापुढं पेढा धरायचा. त्यानं तोंड उघडलं, की ठरलं. तोंड फिरवलं, की विषय संपला. कुणी कारण विचारत नाही, कुणी सांगत नाही, चहा पिऊन माणसं आपापल्या घरी. बोलून नकार देण्याचा वाईटपणा टळावा म्हणून जुन्या माणसांनी काढलेली ही सोय. नेरळहून कर्जत, चौक करत मोहोपाडा तासाभरावर. तिथं कोचावर बसून हे सगळं आटोपलं असतं. पण नाही, आम्हाला पेढा खायला समुद्रात जायचं होतं.

निघायच्या आठवड्यात गावात भात पिवळं पडून कापणीला आलं होतं आणि टीव्हीवाले समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याबद्दल बोलत होते. शेजारचा आभाळाकडं बघून म्हणाला, "समिंद्रात कायतरी शिजतंय रं. जपून जा." मला त्याची गंमत वाटली. मुलीनं बोट लागू नये म्हणून गोळ्या आणल्या.

"चढायच्या आधी एक घ्या, पप्पा."

"मी? अगं बाय, मी गोळी घेतली तर गोळीला लाज वाटंल."

माझी गोळी आईला दे म्हणालो, आणि उदारपणे बॅगेत पिशव्यांचं अख्खं बंडल टाकलं. मोहोपाड्याच्या मंडळींना लागंल, बिचारी कारखान्यातली माणसं. मंडळींनी त्याच बॅगेत औक्षणाचं स्टीलचं ताट, हळदी-कुंकवाचा करंडा आणि सुपारी भरली. पेढे मुलाकडून यायचे होते.

बंदरात उभी असलेली बोट हलत नव्हती, हे मी खास लक्षात घेतलं. आत लिफ्ट, जिने, गालिचे, काचेची झुंबरं. "ही बोट हाय का मॉल?" मी मुलाच्या वडलांना म्हटलं. ते शांत माणूस. बॉयलरशेजारी आयुष्य गेल्यामुळं त्यांना कशाचाच गोंगाट वाटत नाही. ते म्हणाले, "जेवाण चांगलं दिसतंय." जेवण खरोखरच चांगलं होतं. मी मटण घेतलं, मासे घेतले, ओळखीचं नसलेलं पिवळ्या रसातलं काहीतरी घेतलं आणि त्यावर तीन प्रकारचं गोड घेतलं. जेवता जेवता मी दोघा होणाऱ्या व्याह्यांना माझं घाटातलं व्याख्यान दिलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक काळी पिशवी ठेवली.

"लाजू नका," मी म्हणालो. "पयल्या वेळेला सगळ्यांना व्हतं. मला होत नाय, ती गोष्ट वेगळी."

मुलाच्या आईनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

बोट सुटली, किनारा मागं पडला. थोड्या वेळानं स्पीकरवरून गोड आवाजात सांगितलं, की समुद्र जरा खवळलेला आहे, चालताना कठड्याला धरावं. लिफ्टच्या बाजूच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचलेल्या दिसायला लागल्या. मी मुलीला कोपरानं ढोसलं. "बघ. माझा धंदा इथं पन चालंल."

मुलाला कामातून जरा वेळ मिळाला, तसे आम्ही सगळे मधल्या हॉलमध्ये जमलो. तो पांढऱ्या कोटात धावतपळत आला. माझ्या वाट्याला आलेला सोफा खोल, मऊ, आणि बोटीच्या उलट दिशेला तोंड केलेला. गाडीत मी कुणालाही उलटं बसू दिलं नसतं. पण इथं मी पाव्हणा होतो, मानानं बसवलं तिथं बसलो.

आधी झुंबराचे लोलक एकमेकांवर वाजायला लागले. नंतर सोफा माझ्याखालून हळूच खाली गेला, थांबला आणि त्याहून हळूच वर आला. घाटात चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात ना, तसं कुणीतरी माझ्या पोटात गाडी धरून उभं होतं. मी घड्याळाकडं बघितलं. गालिच्यावरच्या वेलबुट्टीकडं बघितलं. ती वेलबुट्टीही चालायला लागली. मी जांभई दिली. थुंकी गिळली. आणि आरसा नसतानाही माझा चेहरा कसा दिसत असेल, ते मला स्पष्ट दिसलं.

मुलाच्या आईनं तेवढ्यात डबा उघडला. घरी आटवलेल्या खव्याचे, वेलदोडा घातलेले, वर बदामाचा काप लावलेले पेढे. त्यांनी त्यातला एक उचलला, पदर सारखा केला आणि माझ्या तोंडापुढं धरला. मुलगी माझ्याकडं बघत होती. मुलगा जमिनीकडं बघत होता. खवा, तूप आणि वेलदोडा यांचा तो वास माझ्या नाकात शिरला, आणि आतल्या मटणानं, माशांनी आणि त्या पिवळ्या रसानं एकदम क्लच सोडला.

मी तोंड फिरवलं. हात आडवा धरला. आणि पळालो.

हॉलच्या दाराबाहेर एक भली मोठी पितळी कुंडी होती, तिच्यापर्यंत पोचलो. त्या कुंडीतलं झाड प्लास्टिकचं आहे, हे मला फार जवळून समजलं. मागून मुलाच्या आईचा आवाज ऐकू आला. "म्हंजी? नाय म्हणले का काय?"

त्या रात्रीविषयी जास्त लिहीत नाही. आमची खोली स्वस्तातली, बिनखिडकीची. कपाटात रिकामे हँगर होते, ते बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याला टिंग टिंग करत माझ्या डोक्यात वाजत होते. उशी खाली जायची, डोकं वरच राहायचं. डोकं खाली यायचं तोवर उशी वर निघालेली असायची. पाव्हण्यांसाठी आणलेलं बंडल मी एकट्यानं संपवत आणलं. आणि शेजारी आमची मंडळी, जिला खोपोलीच्या एसटीत मळमळतं ती, दोन गोळ्यांच्या आशीर्वादानं घोरत होती.

सकाळी ती अंघोळ करून, वेणी घालून, नाश्ता करून परत आली आणि माझ्या उशाशी बसली. मुलगी वरच्या बाकड्यावर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"ते लोक नाश्त्याला आपल्या टेबलावर बसले नाय," मंडळी म्हणाली. "पेढ्याचा डबा दोरीनं बांधून पिशवीत टाकलाय."

"अगं, मला बोट लागली. सांग ना त्यांना!"

"सांगितलं. तर त्या बाई म्हणतात, ज्यानं आमाला पिशव्या वाटल्या, त्याला बोट लागंल? नाय म्हणायचं तर सरळ नाय म्हणा, म्हणतात. सोंग कशाला."

माझ्या बढाईवर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण विश्वास ठेवला होता.

"आन् त्यांचं तरी काय चुकलं?" ती म्हणाली. "महिनाभर तुमी बघू बघू करताय. पेढा समोर आला, तर पळालात. अवो, खरं सांगा, तुमच्या पोटानं केलं ते तुमच्या मनात नवतं व्हय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पिशवी मागितली.

खरं म्हणजे तेच झालं होतं. मला न बोलता लग्न टाळायचं होतं, आणि ते न बोलता टळलं होतं. माझ्यावर कुठला वाईटपणासुद्धा नव्हता, सगळा समुद्रावर गेला होता. मी खूश व्हायला हवं होतं. वरच्या बाकड्यावरून नाक ओढल्याचा आवाज आला. मी खूश झालो नाही.

दारावर टकटक झाली. मुलगा होता, हातात ट्रे. आल्याचा कोरा चहा, खारी बिस्किटं आणि हिरव्या सफरचंदाच्या फोडी. तो आत आला, पण बसला नाही.

"काका, रात्रीचं राहू द्या," तो म्हणाला. "तो विषय नको. पण पोट रिकामं ठेवू नका, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं. थोडं थोडं खा. आन् या खोलीत पडून राहू नका. इथं खिडकी नाय, बोट हलतेय ते अंगाला कळतं आन् डोळ्याला दिसत नाय. बोटीच्या मधल्या भागात, समोर पाणी दिसंल असं बसा."

"तुला काम नाय का?"

"आहे ना. कांदे वाट बघतायत."

हे त्याच्या कानापर्यंत कसं गेलं, ते मी वरच्या बाकड्याकडं बघून ओळखलं. तो जायला वळला. कपाटातले हँगर टिंग टिंग करत होते. त्यानं कपाट उघडलं, एक टॉवेल गुंडाळून हँगरांच्या मध्ये खोचला आणि दार लावलं. एकदम शांत झालं. रात्रभर मी त्या आवाजाला शिव्या देत पडलो होतो, पण उठून टॉवेल खोचायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जाताना खोलीचं दारसुद्धा त्यानं आपटू न देता ओढून घेतलं.

मी सफरचंदाची एक फोड खाल्ली. ती राहिली. दुसरी खाल्ली.

"उठा," वरून आवाज आला. मुलगी खाली उतरली होती. डोळे सुजलेले, पण आवाज टॅक्सी स्टँडवरचा. माझाच.

"कुठं?"

"पुढं बसायला. मोबाईलमधी बघू नका, दरीत बघू नका. चला."

"बाय, माझ्यानं उभं राहवत नाय."

"पप्पा, मी लहानपणी सुट्टीत तुमच्या बाजूला बसून किती वेळा घाट चढलेय. तुम्ही मागच्या सीटवर कधी बसलात? एकदा तरी?"

मी आठवून बघितलं. लग्नाच्या वराती, देवदर्शनं, दवाखाने. सगळीकडं गाडी मीच चालवलेली. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत मी बसतच नाही, त्यांना गिअर टाकता येत नाहीत.

"मंग? तुमाला गाडी लागत नाय, कारण ती तुमच्या हातात असते. वळण येणार हे पोटाच्या आधी हाताला माहीत असतं. आता मागं बसलात, तर झालात ना पाव्हणे?" तिनं इकडंतिकडं बघितलं, बॅगेत हात घातला आणि स्टीलचं ताट बाहेर काढलं. "हे घ्या. स्टिअरिंग."

"अगं, औक्षणाचं ताट हाय ते!" मंडळी ओरडली.

"औक्षण कुणाचं करायचंय आता?" मुलगी म्हणाली. मी ताट घेतलं.

बोटीच्या मधल्या भागात, पाण्याकडं उघड्या असलेल्या मजल्यावर खुर्च्या होत्या. तिथपर्यंत मी कठडा आणि पोरगी धरत गेलो. तरणतलावावर जाळी टाकली होती आणि खालचं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं धावत होतं; तिकडं मी बघितलं नाही. तिनं मला बोटीच्या तोंडाकडं वळवून बसवलं. समोर करडं पाणी, लांब आभाळाला टेकलेली रेघ. ती रेघ तेवढी जागची हलत नव्हती.

"तिकडंच बघा. आता समोरून लाट येतेय. चढाव हाय. दुसरा गिअर."

मी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि डावा पाय दाबला. बोट वर चढली. मी तिच्याबरोबर चढलो.

"आता उतार. डावं वळण."

मी ताट डावीकडं फिरवलं. पहिल्या दोन वळणांना लाज वाटली. तिसऱ्या वळणाला पोटातली ती हाफ क्लचवरची गाडी जरा पुढं सरकली. मग मी आपणहूनच लाट बघायला लागलो, गिअर टाकायला लागलो, आणि एका मोठ्या लाटेला सवयीनं हॉर्नसुद्धा दाबला. ताट टणकन वाजलं. शेजारच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी अदबीनं विचारलं, "गोवा किती लांब आहे अजून?"

"दस्तुरी नाका आला की जवळच," मी म्हटलं. मुलगी हसली. रात्रीनंतर पहिल्यांदा.

गप्पा मारणाऱ्याचं पोट गप बसतं, म्हणून मी विचारून टाकलं. पुढं बघतच.

"बाय, सहा-सात महिनं तो नसणार. तुला चालंल?"

"चालेल का ते माहीत नाय," ती म्हणाली. "जड जाईल. पण तो असतो तेव्हा असतो, पप्पा. मोबाईलमधी नसतो, कट्ट्यावर नसतो. आन् तुमी तरी मे महिन्यात, दिवाळीत कधी घरी असायचात? सीझन म्हणून स्टँडवर. मी आईला विचारलं होतं, कसं काढलंस म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तेच काय ते चार दिवस निवांत मिळायचे."

मी एक अवघड वळण घेतलं.

"जा, बोलाव त्यांना," मी म्हणालो. "पेढे घेऊन या म्हणावं."

"नक्की? बघू नाय?"

"हँडब्रेक काढलाय."

तिला जावं लागलंच नाही. मुलाचे वडील हातात आम्लेटची बशी घेऊन कधीपासून खांबाशी उभे होते. ते शांतपणे वळले आणि जिन्याकडं तोंड करून बायकोला म्हणाले, "अगं ए, वर ये. हा मानूस ताट घेऊन बोट चालवतोय. सोंग करनारा एवढं करत नाय."

पुढचं सगळं घाईघाईत झालं. मुलाच्या आईनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. ते अजून हिरवट असणार, कारण त्यांचा राग लगेच उतरला. "अरे देवा, खरंच लागलीय की!" त्या म्हणाल्या, आणि डब्याची दोरी सोडायला लागल्या. मुलाला स्वयंपाकघरातून बोलावलं. तो पांढरा कोट, कांद्यानं लाल झालेले डोळे अशा थाटात आला आणि डोक्यावर रुमाल टाकून उभा राहिला. बोटीवर निरांजन लावायला बंदी, म्हणून मुलीनं दुकानातून सेलवर चालणारा दिवा आणला. आणि मंडळीनं माझ्या हातातून ताट काढून घेतलं.

"अगं, थांब!"

"औक्षण करायचंय ना? का ताटाशिवाय करू?"

बोटीचं स्टिअरिंग गेलं. माझ्या तळव्यांना ताटाला चिकटलेलं जुनं कुंकू तेवढं राहिलं. औक्षण झालं, आणि मुलाच्या आई माझ्यापुढं आल्या. उजव्या हातात पेढा. डाव्या हातात, घडी मोडून उघडून धरलेली काळी पिशवी.

"तुमचीच हाय," त्या म्हणाल्या. "लाजू नका."

मी मुलीकडं बघितलं. ती पेढ्याकडं बघत नव्हती, माझ्या गळ्याकडं बघत होती. आणि तिच्या खांद्यावरून मला ती लाट येताना दिसली. सगळ्यांत मोठी. चढाव, त्यावर वळण, आणि हात रिकामे.

मी समोर जे सापडलं ते धरलं. मुलाचे दोन्ही हात, कोपरांच्या खाली, कोटाच्या बाह्यांवरून. बोट वर चढली, मी त्याला डावीकडं फिरवलं. तो मुकाट्यानं फिरला. पेढा तोंडात आला. तूप, खवा, वेलदोडा. बोट खाली गेली, मी त्याला उजवीकडं फिरवलं, लांबच्या रेघेकडं बघितलं आणि गिळलं. सगळे थांबले. काळी पिशवी माझ्या हनुवटीखाली थांबली. पेढा खाली गेला, त्यानं जरा विचार केला, आणि तो राहिला.

"बघा, बघा," मुलाच्या आई डोळ्यांना पदर लावत नवऱ्याला म्हणाल्या. "पोराचे हात सोडवत नाय त्यांना. मानूस हळवा हाय हो. आपण उगा नावं ठेवली."

त्यांच्या मागं माझी मुलगी ओठ चावून हसू दाबत होती आणि मंडळी ताट तोंडापुढं धरून उभी होती. मी वळण घेतोय, हे त्या दोघींना माहीत होतं. मुलालाही कळलं असणार. तो हळूच म्हणाला, "काका, लाट गेली. आता सरळ रस्ता हाय."

"असू दे," मी म्हटलं.

लाट गेल्याचं मलाही दिसत होतं. पण हात काही मी सोडले नाहीत. शेवटी आतून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला, बाह्यांवर माझ्या तळव्यांचे कुंकवाचे ठसे घेऊन, राहिलेले कांदे चिरायला.